चुकलेल्या तर्काचे मोल

प्रोग्रॅम लिहायला नुकत्याच शिकलेल्या विद्यार्थ्याला आपण अनेकदा गुप्त संख्या ओळखण्याचा खेळ लिहायला देतो. हा खेळ संगणकाहून जुना आहे. इंग्रजीत 'बुल्स अँड काऊज' म्हणून ओळखला जाणारा हा खेळ कागद-पेन्सिलीने खेळत. १९६८च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठात फ्रँक किंग यांनी तो टायटन संगणकावर आणला. १९७०मध्ये इस्राएलच्या मोर्डेकाई मेइरोविट्झ यांनी अंकांऐवजी रंगीत खुंट्या घेतल्या आणि 'मास्टरमाइंड' तयार झाला.

त्यात चार जागा, सहा रंग; एकच रंग पुन्हा येऊ शकतो. म्हणजे ६×६×६×६ = १२९६ शक्यता. रंगांना १ ते ६ अंक देऊ. नवशिक्याची गफलत होते ती येथे. गुप्त संख्या १२३४ आणि तर्क ११५६ असेल, तर पहिला १ जागेवर जुळतो. दुसऱ्या १ला जोडीदार उरतच नाही. प्रोग्रॅमने तोही मोजला, तर त्या उत्तरावर विसंबणारा खेळाडू खरी संख्याच वगळून बसेल.

१९७७मध्ये अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी दाखवले की, कोणतीही गुप्त संख्या जास्तीत जास्त पाच तर्कांत ओळखता येते. त्यांचा पहिला तर्क ११२२. समजा, त्यातले काहीच जुळले नाही. मग १ आणि २ दोन्ही बाद; उरल्या ४×४×४×४ = २५६ शक्यता. एका चुकीने १०४० शक्यता निकालात निघाल्या!

वर्गात उत्तर चुकले की आपण लगेच पुढच्या मुलाकडे वळतो. त्या उत्तराने काय काय बाद झाले, हे आधी फळ्यावर मांडून पाहू या का?