मावळची गोधडी

पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या मावळ प्रांताच्या इतिहासाची साधने शोधू जाता वतनांच्या सनदा, जमाबंदीचे कागद आणि निवाड्यांचे महजर दफ्तरांतून सापडतात; परंतु लोणावळे-खंडाळ्याच्या मुसळधार पावसात जिने कुणब्यांच्या पिढ्यांना ऊब दिली, त्या गोधडीची नोंद ठेवण्याचे प्रयोजन कारकुनास कशाला वाटावे? जीर्ण लुगडी व धोतरे एकावर एक अंथरायची, त्यांवर खणांचे व बंड्यांचे चौकोनी तुकडे मांडायचे आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत सर्व थर एकजीव करायचे, ही तिची परंपरागत रीत. आकृती तीच, पुनरावृत्तीही तीच. पण तांबड्याशेजारी हिरवा घ्यावा की काळा, ही योजना प्रत्येकीची स्वतंत्र असल्यामुळे एका घरची गोधडी दुसऱ्या घरच्या गोधडीसारखी सहसा होत नसे. 1854 साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि 1863 साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. पुढे हातमागाच्या लुगड्यांशेजारी गिरणीच्या छापील चिटांनाही गोधडीत स्थान मिळाले. काटकसरीतून जन्मलेल्या या कलेस राजाश्रय लाभला नाही, आणि तिची कृती वापरानेच झिजत असल्यामुळे तिची परंपरा वस्तुसंग्रहांपेक्षा मायलेकींच्या शिकवणीनेच अधिक टिकली.