आमलाच्या शर्टावरचे फूल

काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, हाशिम आमला के शर्ट पे कमल क्यों है?" वर्गात हशा पिकला. उत्तर मलाही येत नव्हते. मग शोधायला बसलो.

ते कमळ नव्हे, प्रोटिया. दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या डोंगरउतारांवर वाढणारे झुडूप. याच्या जाती दिसायला इतक्या वेगवेगळ्या, की लिनियसने १७३५ साली रूपे बदलणाऱ्या प्रोटियस या ग्रीक देवाचे नाव त्याला दिले. 'किंग प्रोटिया'चा फुलोरा ३० सेंटिमीटरपर्यंत रुंद असतो. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती बोगनवेलीसारखी रंगीत पाने. खरी बारीक फुले मधोमध दाटीने असतात. तिथली माती निकस, उन्हाळ्यात वणवे ठरलेले. फांद्या जळून जातात, पण जमिनीखालच्या जाड खोडावर डोळे शाबूत असतात. आग विझली की त्यांतून नवे कोंब फुटतात.

या फुलाचा इतिहास मात्र सरळ नाही. वर्णभेदाच्या काळात स्प्रिंगबॉक हरणाचा बिल्ला गोऱ्या खेळाडूंचा. सरकारने 'कलर्ड' ठरवलेल्यांचा रग्बी संघ वेगळा. त्याचे नाव प्रोटियाज. १९७१ मध्ये हा संघ इंग्लंडला खेळून आला. केपच्या मलायी मुसलमानांची नोंदही 'कलर्ड' गटातच होई. आपल्या कोकणातून केपटाऊनला गेलेल्या मुसलमानांनाही वर्णभेदाचे कायदे चुकले नाहीत.

१९७६ मध्ये किंग प्रोटिया राष्ट्रीय फूल झाले. त्याच वर्षी १६ जूनला सोवेटोत आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध शाळकरी मुले रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मी भाषा शिकवतो. ही तारीख मला विसरता येत नाही.

वर्णभेद संपला. क्रिकेट संघाने हरीण सोडून प्रोटिया घेतला. ज्यांना वेगळे काढले होते त्यांच्या संघाचे नाव आता सगळ्या देशाच्या संघाचे झाले. गुजराती वंशाच्या आमलाने तोच बिल्ला लावून २०१२ साली ओव्हलवर नाबाद ३११ धावा केल्या, पुढे कसोटी संघाचे नेतृत्वही केले. एका पिढीआधी जन्मला असता तर त्याला या संघात जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रोटिया काढला. तो फणसासारखा दिसत होता. तरी मुलांनी सगळे ऐकले आणि शेवटी त्याच मुलाने विचारले, "सर, फिर हिरन का क्या हुआ?"

हरीण रग्बीत अजून आहे. पण आता त्याच जर्सीवर प्रोटियाही असतो.