दगडूला कोण नेणार?

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. मित्राला त्याच्या नावाने हाक मारायची नाही, त्याच्या बापाच्या नावाने मारायची. त्यासाठी बापाचं नाव शोधून काढावं लागतं आणि ते ज्याचं त्याने लपवायचं असतं. सुरेश, रमेश, अशोक ही नावं सापडली तर फार मजा नसायची. पण एखाद्याच्या प्रगतिपुस्तकावर 'पंढरी' किंवा 'म्हसू' दिसलं, की वर्गाची मधली सुट्टी सार्थकी लागायची.

आठवीत आमच्या वर्गात दुसऱ्या गावाहून एक मुलगा आला. त्याने हे नाव दोन महिने लपवलं. वह्यांवर फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव. पुढे शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर पूर्ण नाव लिहिणं भाग पडलं आणि मागच्या बाकावरच्याने ते वाचलं. दगडू. त्यानंतर वर्षभर त्याचं स्वतःचं नाव कुणी उच्चारलं नाही. माझी चित्रकला बरी होती, म्हणून त्याच्या बाकावर रोज खडूने एक दगड काढायचं काम माझ्याकडे होतं. तो काही न बोलता पुसायचा.

दगडू नावात वाईट काय आहे? तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ते 'तसलं' नाव होतं, एवढंच. धोंडू, भिकू, केरबा, कचरू, नथू, आणि वऱ्हाडाकडे उकर्डा, मराठवाड्यात शेनफड. ही नावं ऐकली की आपल्याला हसू येतं, किंवा नकोसं वाटतं. 'टाइमपास'मधला दगडू २०१४ साली सगळ्यांना आवडला, पण म्हणून कुणी आपल्या पोराचं नाव दगडू ठेवलं नाही.

गंमत अशी, की ही नावं नावडावीत म्हणूनच ठेवलेली होती. फक्त ती आपल्याला नावडावीत असा हेतू नव्हता. ती मरणाला नावडायला हवी होती.

घरात दोनतीन मुलं लागोपाठ गेली, की पुढच्या मुलाच्या बाबतीत आईबाप नशिबाशी लबाडी करायला लागत. देखणं, गोंडस नावाचं पोर मरणाच्या, सटवीच्या, शेजारणीच्या नजरेत भरणार. मग ते नजरेत भरूच नये अशी सोय करायची. बाळाला केरात किंवा उकिरड्यावर क्षणभर ठेवायचं आणि उचलून आणायचं, म्हणजे ते आपलं नाहीच, केरात सापडलं. म्हणून केरबा, कचरू, उकर्डा. दारोदार मागून आणलेल्या कपड्यांत गुंडाळायचं, म्हणजे ते भिकेत मिळालेलं. म्हणून भिकू, भिकाजी. मुलाचं नाक टोचून नथ घालायची, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं की ही मुलगी आहे. म्हणून नथू. आणि हे काहीच नाही केलं तरी त्याला दगड म्हणायचं, धोंडा म्हणायचं. दगड कोण उचलून नेणार?

(अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू म्हणत. तेव्हा प्रत्येक धोंडूमागे मेलेली भावंडं असतीलच असं नाही.)

ही लबाडी फक्त आपलीच नव्हती. बंगालमध्ये तीनकडी, पाचकडी अशी नावं असत, म्हणजे तीन किंवा पाच कवड्यांना विकलेलं मूल. पंजाबात घसीटा असे, म्हणजे फरफटलेला. रिचर्ड टेंपल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८३ मध्ये पंजाबी नावांवर एक अख्खं पुस्तकच लिहिलं.

हे सगळं आज भोळसट वाटतं, कारण आपल्याला ती भीती माहीत नाही. १९२१ साली मुंबई शहराच्या नोंदींत हजार जन्मांमागे वर्षाच्या आत गेलेल्या बाळांचा आकडा सहाशेच्या वर आहे. तो थोडा फुगलेला आहे, कारण बायका बाळंतपणाला गावी जात आणि तिथे जन्मलेली बाळं मुंबईत मरत. पण कितीही हवा काढली तरी जे उरतं ते भयंकर आहे. २०२० साली महाराष्ट्रात हाच आकडा सोळा होता. सहाशे आणि सोळा यांच्यामध्ये लसी आल्या, नळाचं पाणी आलं, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, आणि त्याच काळात कधीतरी धोंडू नावाचं काम संपलं. काम संपल्यावर उरला तो फक्त त्याचा कुरूप आवाज.

आणि असं समजू नका, की ही खेड्यातल्या अडाण्यांची नावं होती. १८५७ चे नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. भारतरत्न महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव. १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली गेले, एकशेचार वर्षांचे होऊन. विष्णुबुवा ब्रह्मचारी म्हणजे विष्णू भिकाजी गोखले, त्यांच्या वडिलांच्या नावात भीक आहे. आणि पुण्यात ज्यांच्या नावाचा गणपती आहे ते मिठाईवाले दगडूशेठ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांचा मुलगा प्लेगमध्ये गेला आणि त्या दुःखातून पुढे हा गणपती उभा राहिला, असं सांगतात. आज लाखो माणसं 'दगडूशेठ' म्हणत हात जोडतात आणि एकालाही त्या नावातला दगड ऐकू येत नाही.

मग आमच्या वर्गात तो का ऐकू आला? इथे नावाचं शेपूट बघावं लागतं. धोंडोपंत, धोंडिबा, धोंड्या. दगड एकच आहे. 'पंत' लागला की वाड्यातला, 'बा' लागला की शेतातला, आणि नुसता 'या' लागला की गावकुसाबाहेरचा. मूळ नावात जात नव्हती, हाक मारणाऱ्याच्या तोंडात होती. दगडूला 'शेठ' मिळालं तर तो देव्हाऱ्याजवळ जातो, नाही मिळालं तर दगड्या होतो.

इथे आणखी एक गोष्ट मिसळली आहे आणि ती वेगळी काढायला हवी. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत याचा नियम आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस यावी असं. आईने भीतीपोटी ठेवलेलं ओंगळ नाव आणि वरच्याने 'तुझी लायकी हीच' म्हणून लादलेलं ओंगळ नाव, ही दोन्ही कागदावर सारखीच दिसतात. एकात पोर जगावं म्हणून देवाला फसवायचं आहे, दुसऱ्यात पोराला जन्मभर त्याची पायरी दाखवायची आहे. मला स्वतःला वाटतं, की गावगाड्यात या दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की नाव ठेवणाऱ्यालाही ती गाठ सुटली नसती.

ज्याला ते नाव वागवायचं होतं त्याला मात्र ती जाणवत होती. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. कवी म्हणून जग त्यांना दया पवार म्हणत होतं, पण जन्माचं नाव दगडू मारुती पवार. पुस्तकाची रचनाच अशी आहे, की दगडू पवार आपली कथा दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसली आहेत, एक मिळालेलं आणि एक कमावलेलं. त्याआधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं. त्यानंतरच्या पिढीत सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, राहुल, सुजाता ही नावं घरोघर आली. आंबेडकरांनी कॉलेजला सिद्धार्थ नाव दिलं होतं ते १९४६ मध्येच. दगड्या हे नाव टाकून सिद्धार्थ ठेवणं म्हणजे फॅशन नव्हती, नियमच फाडून टाकणं होतं. मग हाक मारणाऱ्यांनी काय केलं? त्यांनी या सुंदर नावांतूनही जात ओळखायला शिकून घेतलं. भाडेकरू शोधताना नाव ऐकून घरमालक क्षणभर थांबतो ना, तो थांबतो तेव्हा त्याच्या कानाला नावाचा अर्थ खटकलेला नसतो.

मनूचे सगळेच नियम मात्र चालले नाहीत. तिसऱ्या अध्यायात तो सांगतो, की नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. महाराष्ट्राने हे ऐकलं असतं तर गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भागीरथी सगळ्या बिनलग्नाच्या राहिल्या असत्या. आपल्या लोकांनी लग्नं केली, वर लग्नात नावच बदलून टाकलं. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना. आणि धोंडो कर्व्यांनी १८९३ मध्ये ज्या विधवेशी लग्न केलं त्या गोदूबाई, लग्नानंतर आनंदीबाई. गोदावरी गेली, दगड तसाच राहिला.

कधी कधी नाव एका माणसामुळे बुडतं. १९१० साली एका घरात मुलगा जन्मला. आधीचे तीन मुलगे गेले होते. याचं नाव रामचंद्र, पण नाकात नथ घालून काही वर्षं मुलीसारखं वाढवलं. नथ घातलेला राम, म्हणून नथुराम. मरणापासून वाचवायला घातलेली नथ होती ती. १९४८ च्या ३० जानेवारीनंतर ते नाव ठेवायला कुणाची जीभ वळेल? संसदेत तर 'गोडसे' हा शब्दच असंसदीय शब्दांच्या यादीत होता. नाशिकचे खासदार हेमंत गोडसे यांनी तक्रार केली, की माझं आडनाव शिवी कसं असू शकतं. तेव्हा २०१५ मध्ये लोकसभेच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी नुसतं आडनाव यादीतून काढलं.

आणि कधी तर माणूसही लागत नाही, एक सिनेमा पुरतो. १९७५ साली दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला. पांडुरंग म्हणजे साक्षात विठ्ठल, पण मुंबईत 'पांडू आला रे' म्हटलं की पोरं हेल्मेट शोधायला लागतात.

इथवरची नावं खोटं बोलणारी होती. हे मी चांगल्या अर्थाने म्हणतोय. जे पोर जिवापाड हवं आहे त्याला दगड म्हणायचं, केर म्हणायचं. पण या नावांच्या रांगेत एक नाव उभं आहे, दिसायला अगदी यांच्यासारखंच. नकुसा. नकोशी.

दोनतीन मुलींनंतर आणखी एक मुलगी झाली, की तिचं नाव नकुसा ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होईल. हीसुद्धा नशिबाला घातलेली हाकच आहे, पण ही खरं बोलते. दगडूच्या आईला दगड नको होता. नकुसाच्या घरी ती खरोखरच नको असते, आणि हे तिला हजेरीच्या वेळी रोज सकाळी ऐकावं लागतं. सातारा जिल्ह्यात अशा मुली शोधण्यात आल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात २८५ मुलींचं एकत्र बारसं झालं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. प्रमाणपत्रं दिली गेली. त्याच वर्षीच्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली नऊशेच्या खाली होत्या. म्हणजे ज्यांना नकुसा नाव मिळालं त्या निदान जन्मल्या तरी होत्या.

तो आठवीतला मित्र मला दोन वर्षांपूर्वी पुन्हा भेटला, व्हॉट्सॲपवरच्या शाळेच्या ग्रुपमुळे. मुलीच्या बारशाला बोलावलं. मी गेलो, आणि खरं सांगायचं तर त्याच्या वडिलांकडे बघवत नव्हतं. ते कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, पांढरं धोतर, टोपी. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, इंटरनेटवर शोधून काढलेलं, तीन अक्षरी, अर्थ विचारला तर मोबाइल काढावा लागेल असं.

जेवण झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो. नावाचा विषय त्यांनीच काढला. म्हणाले, "आमच्या टायमाला एवढं शोधायला लागत नव्हतं. माझ्या आधी तीन गेले. मग आईनं मला सुपात घातलं, शेजारच्या म्हातारीला देऊन टाकलं आणि जोंधळे देऊन परत विकत घेतलं."

"किती जोंधळे, काका?"

"पायलीभर." थोडं थांबून म्हणाले, "दुष्काळ होता. महाग पडलो."

मी खडूची गोष्ट सांगितली नाही. मित्राने त्यांना कधी सांगितली असेल असंही वाटत नाही.

तेवढ्यात फोटोसाठी हाक आली. बाळाच्या गालावर आणि कपाळाला त्याच्या आईने काजळाची भली मोठी तीट लावली होती, चांगली रुपयाएवढी, नजर लागू नये म्हणून. फोटो काढणारा पोरगा म्हणाला, "दादा, ती काळी टिकली एडिटिंगमध्ये काढून टाकतो, बाळ एकदम क्लीन दिसेल." मित्र हो म्हणणार होता. खुर्चीवरून काका म्हणाले, "राहू दे की. काय बिघडतंय?"

फोटो ग्रुपवर आला तेव्हा तीट होती.