ओळ संपल्याची खूण

मजकुराच्या फाइलीत ओळ संपल्याची खूण असते, पण ती डोळ्यांना दिसत नाही आणि सगळ्या संगणकांवर ती एकसारखी नसते. सोलापूर–वाडी लोहमार्गावरच्या दुधनीसारख्या स्थानकांत तारेचा जमाना होता तेव्हा ही अडचणच नव्हती. मोर्सच्या कडकट्टात ओळ नसते; कागदाची कड येईल तिथे तारबाबू ओळ मोडत असे. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचेही तसेच, शब्द अर्धा राहिला तरी तो बेलाशक खालच्या ओळीत उतरे.

टाइपरायटरचा दांडा ढकलला की दोन कामे एका दमात होत: कॅरेज ओळीच्या आरंभी परते आणि कागद वर सरके. डोनाल्ड मरे याने 1901 च्या सुमारास तारयंत्राच्या संकेतावलीत या कामांना दोन वेगळे संकेत दिले. 1963 च्या आस्की या संगणकी संकेतावलीत तेच 13 (परतणे) आणि 10 (सरकणे) झाले. टेलिटाइप मॉडेल 33 हे तारयंत्र सेकंदाला 10 अक्षरे छापी, पण परतीला एका अक्षराहून जास्त वेळ लागे. तो वेळ दुसऱ्या संकेताने भरून निघे.

युनिक्सने पुढे फक्त 10 ठेवला, जुन्या मॅकिन्टॉशने फक्त 13, एमएस-डॉसने दोन्ही. विंडोजच्या नोटपॅडला युनिक्सची फाइल नीट उघडता येऊ लागली ती थेट 2018 मध्ये. तोवर सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत दिसे. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीच्या मजकूर-पद्धतीत खुणा आपोआप बदलतात, पण त्याच पद्धतीने चित्र पाठवले तर ते बिघडते. मिश्र खुणांच्या फाइलीत आधी 13-10 ही जोडी 10 करावी, मग उरलेले सुटे 13. क्रम उलटला तर प्रत्येक जोडीमागे एक रिकामी ओळ वाढते.

भारतीय लिप्यांत या खुणेवर आणखी एक भार होता. 1991 च्या इस्की मानकात मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांचा क्रमांक एकच; लिपी कोणती ते वेगळा संकेत सांगे, आणि त्याचा अंमल ओळ संपेपर्यंतच चाले. दुधनीच्या परिसरात मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. अशा द्विभाषिक यादीत ओळीची खूण गळाली, की कन्नड नावानंतरचे मराठी नावही कन्नड अक्षरांत उमटणार. युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र क्रमांक दिले आणि हा घोळ मिटला. ओळ तोडण्यासाठीही त्याने नवे चिन्ह दिले, पण साध्या मजकुरात ते फारसे कोणी वापरत नाही. तिथे अजून 10 आणि 13 च चालतात.