वांद्रें: नगरांतून उपनगर

महोत्सवाच्या या शुभप्रसंगीं प्रिय धर्मबांधवांना आपल्या वांद्र्याच्या पूर्वेतिहासाचें थोडें स्मरण करून द्यावें, असें आम्हांस वाटलें. वांद्रें म्हणजे मुंबईचा एक विभाग, इतकेंच तरुणांस ठाऊक असतें. परंतु १९५० सालापर्यंत वांद्रें हें स्वतःचा कारभार पाहणारें निराळें नगर होतें.

१६६१ च्या विवाहतहानें मुंबई बेट इंग्रजांच्या वांट्यास गेलें. माहीमच्या खाडीपलीकडील वांद्रें साष्टीसह पोर्तुगीजांकडेच राहिलें. येशूसंघीय पाद्र्यांनीं १५७५ सालीं येथें संत आंद्रेयाचें देऊळ स्थापिलें होतें. पुढें १७३७-३९ च्या मोहिमेंत साष्टी मराठ्यांनीं घेतली व १७७४ त ती इंग्रजांनीं जिंकली. इतकीं राज्यें पालटलीं, तरी तें देऊळ उभेंच राहिलें.

त्या काळीं माहीमची खाडी ओलांडण्यास नावेवांचून साधन नव्हतें. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई या दानशूर पारशी बाईंनीं दीड लाखांहून अधिक रुपये दिले आणि १८४५ सालीं खाडीवरील बांधरस्ता खुला झाला. १८६७ त विरारहून मुंबईकडे आगगाडी नित्य धांवूं लागली. १८७६ त वांद्र्यास स्वतंत्र नगरपालिका लाभली. ज्या वाटेनें भरभराट आली, त्याच वाटेनें मुंबईही आली. १८९६ त प्लेग उद्भवला, तेव्हां मोकळ्या हवेसाठीं पुष्कळ मुंबईकर साष्टींत येऊन राहिले. रणवार, चिंबई, शेर्ली, पाली इत्यादि पाखाड्यांभोंवतीं बंगले उठले, शेतें आटलीं. अखेर १९५० त मुंबईची हद्द वाढली व वांद्र्याची नगरपालिका विलीन झाली. १९५७ त ही हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत पोंचली.

कायद्यानें नगरपालिका नेली, हें खरें. धर्मग्रामास त्यानें हात लाविला नाहीं. मोतमाउलीच्या सप्टेंबरांतील जत्रेस आजही सर्व धर्मांचे लोक वांद्र्यासच लोटतात. परंतु दुसरें एक धन आम्हीं आपल्याच हातांनीं घालविलें. १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवीं, आमच्या समाजानें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. इंग्रजी नोकऱ्यांत आपला हक्क ओळखला जावा, हा त्यांत हेतु होता. पुढें नांवामागोमाग इंग्रजी भाषाही घरांत शिरली. ज्या ओटीवर आजीबाई मराठींत रोजरी म्हणत, तेथें नातवंडांस ती समजेनाशी झाली. उंबराच्या पाण्याचीं लग्नगीतें मोजक्याच मुखीं उरलीं. आम्हां पाद्र्यांनाही उपदेशपीठावरून इंग्रजीच सोयीची वाटली. हा दोष आम्ही नाकारीत नाहीं.

नगरपालिका परत मागण्याचें आज कारण नाहीं. परंतु प्रत्येक कुटुंबानें आपल्या पाखाडीचें नांव, वडिलार्जित घराची हकीकत आणि आजीचें एखादें गाणें या महोत्सवी वर्षीं लिहून ठेवावें, आणि एक तरी मूल मराठींत ‘नमो मरिये’ म्हणावयास शिकवावें, एवढीच आमची विनंति आहे. माउली या कार्यास आशीर्वाद देवो.