जीर्णोद्धार झालेल्या मोटारीचे छायाचित्र

'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्याकडे देवळांच्या संदर्भात रुळलेला आहे. देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे पुष्कळदा काय होते, हेही आपण पाहिलेले आहे. काळ्या पाषाणावर ऑइलपेंटचे थर चढतात, गाभाऱ्यात गुळगुळीत फरशी येते, दर्शनी भिंतीवर देणगीदारांची नावे कोरली जातात. मूळ पाथरवट आणि नवा गवंडी मात्र दोघेही निनावी राहतात. अंधेरीतल्या एका मैदानावर भरलेल्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात मी कॅमेरा घेऊन उभा होतो तेव्हा हीच देवळे मला आठवत होती.

समोर १९२० च्या दशकातली एक रोल्स-रॉईस होती. गडद निळा रंग, आरशासारखे चमकणारे दिवे, भोवती दोरखंड आणि दोरखंडाभोवती गर्दी. अशा गाडीचे छायाचित्र काढणे दिसते तितके सोपे नसते. वाटोळ्या, चकचकीत पृष्ठभागावर अवघे मैदान उमटते: शामियाना, पलीकडच्या इमारतींचे सज्जे, बघ्यांचे चेहरे आणि मधोमध वाकलेला छायाचित्रकार. काचेवरची झळाळी ध्रुवण-फिल्टर लावून कमी करता येते, धातूवरची जवळपास नाही. त्यामुळे दिव्याच्या कडीत मी स्वतःलाच पाहत होतो, आणि त्या निरुपायातून एक प्रश्न पुढे आला. ही झळाळी नेमकी कोणत्या काळातली?

उत्तर शोधायला थोडे तपशिलात शिरावे लागते. मोटारींच्या सुट्या भागांवर क्रोमियमचा मुलामा सर्रास चढू लागला तो १९२० चे दशक संपता संपता. त्यापूर्वी निकेलचा मुलामा असे. त्याची चमक किंचित पिवळसर, मऊ आणि लवकर काळवंडणारी. रंगाचेही तसेच. सेल्युलोज लॅकर त्याच दशकात प्रचारात आला. त्याआधी घोडागाडीच्या कारागिरांकडून आलेली वॉर्निशची पद्धत होती, थरावर थर देत आठवडेच्या आठवडे चालणारी. आजचा पॉलियुरेथेन रंग जी ओलसर, काचेसारखी चकाकी देतो ती या गाडीने तरुणपणी कधी अनुभवलेलीच नव्हती. ती आज आहे तितकी नवी केव्हाच नव्हती.

आणि 'मूळ गाडी' तरी कशाला म्हणायचे? त्या काळी रोल्स-रॉईस कंपनी सांगाडा, इंजिन आणि चाके एवढेच देत असे. वरची काया बार्कर किंवा हूपर यांच्यासारखे कोचबिल्डर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून घडवीत. म्हणजे जन्मतःच ती दोन घरची. पुढे मालक बदलला की कायाही बदलली जाई.

आपल्या प्रदेशाशी या गाडीचे नाते जुने आहे. मुंबईत मोटार आली १८९८ मध्ये; पहिल्या मोजक्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. १९०८ साली 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉईस मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली आणि सहाशेहून अधिक मैलांचा घाटाघाटांचा रस्ता पार करून आली. नंतर ती ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी घेतली. संस्थानिकांच्या मोटारशौकाच्या कथा आपण ऐकतो, पण ती गाडी घाट चढली त्या रस्त्यांवर खडी फोडणाऱ्यांची कथा कोणी सांगत नाही.

त्यानंतरचा इतिहास वैभवाचा नसून टिकून राहण्याचा आहे. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना काढला होता. स्वातंत्र्यानंतर देशात प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्यांनाच वाव देण्याचे धोरण आले आणि १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्स व फोर्ड या दोघांनीही येथून काढता पाय घेतला. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात उभी होती. तेथून आधी डॉज, प्लिमथ आणि पुढे फियाट निघाल्या. आयात आटली, परदेशी सुटे भाग दुर्मीळ झाले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले आणि राजवाड्यांतल्या गाड्या मिळेल त्या किमतीला बाहेर पडू लागल्या. त्या कोणी जगवल्या? कुर्ला-कालिन्याच्या भंगार बाजाराने, उपनगरांतल्या गॅरेजांनी, लेथवर भाग कातून देणाऱ्या टर्नरांनी. पेट्रोल परवडेना तेव्हा कितीतरी मोठ्या गाड्यांत डिझेल इंजिने बसली. जाणकार आज त्याला विटंबना म्हणतात. पण ती विटंबना झाली नसती तर त्यांतल्या बऱ्याच गाड्या वितळून गेल्या असत्या.

दोरखंडाबाहेर एक वृद्ध मिस्त्री उभे होते. मी बराच वेळ दिव्यांशी झटतो आहे हे पाहून ते म्हणाले, "साहेब, दाराच्या आतला फोटो घ्या. खरं काम तिथं आहे." गाडीचे पत्र्याचे आणि लाकडाचे काम त्यांच्या हातचे होते. आतली मूळ लाकडी चौकट वाळवीने पोखरलेली होती. त्यांनी जुन्या सागवानी तुळईतून नवी कापली होती. मी विचारले, काम सुरू करण्यापूर्वीचे एखादे छायाचित्र आहे का? ते हसले. "तेव्हा कोण काढणार? भंगारच होती ती."

या उत्तराने मला अस्वस्थ केले. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नियम योग्यच आहे, आणि त्याची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, काया किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मात्र सत्तर-ऐंशी वर्षे टंचाईत जगलेल्या गाडीने मूळ स्वरूपाचा दाखला आणायचा कोठून? मग जीर्णोद्धार करणारा मधली दशके खरवडून काढतो. डिझेल इंजिन जाते, ठिगळे जातात, लेथवर कातलेला भाग जाऊन परदेशातून मागवलेला येतो. गाडी १९२५ ला परत जाते आणि मुंबईत तिने काढलेली पन्नास वर्षे पुराव्यासकट नाहीशी होतात.

मी जीर्णोद्धाराच्या विरोधात नाही. गंजू दिलेली गाडी काही इतिहास सांगत नाही. पण इतिहासलेखनात संपादक पाठभेद तळटीपेत ठेवतो, फेकून देत नाही. तेच येथे का होऊ नये? उघडण्यापूर्वीची छायाचित्रे, काढलेल्या भागांची नोंद आणि काम करणाऱ्यांची नावे, एवढी एक वही गाडीसोबत असली तरी पुष्कळ झाले.

कुर्ल्याचा तो कारखाना आता नाही. तिथल्या फियाटची वंशज असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. मिस्त्रींसारखे हातही आता फार उरलेले नाहीत.

आयोजकांच्या परवानगीने मी दार उघडून घेतले. अस्तराची एक कड मिस्त्रींनी हलकेच उचलून धरली. त्या छायाचित्रात झळाळी नाही. सागवानाचा एक सांधा आहे, त्यावर पेन्सिलीने मराठीत लिहिलेले माप आहे, आणि कडेला अस्तर धरून ठेवलेली दोन बोटे आहेत. त्या दिवशी काढलेल्या साठ-सत्तर छायाचित्रांपैकी मी जपून ठेवले ते एवढेच.