अंगणवाडी म्हणजे नुसती खिचडी?

आजची गोष्ट एका वहीपासून सुरू होते.

परवा सिडकोत ताईकडे गेलो होतो. साडेतीन वर्षांची भाची रडत बसलेली. पानभर 'ए' काढायचा होमवर्क! मी म्हटलं, "ताई, हिला गल्लीतल्या अंगणवाडीत घाल ना, खेळेल तरी." ताई म्हणाली, "तिथे काय, नुसती खिचडी मिळते!"

ते डोक्यात राहिलं. म्हणून म्हटलं, आज ही अंगणवाडी आली कुठून, ते बघूया.

१९०७ साली मारिया माँटेसरींनी रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह काढलं. मुलांनी वस्तू हाताळत शिकायचं. आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेकांनी तसंच बालमंदिर चालवलं. तिथे ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या, प्राचार्यपदाची नोकरी सोडून! १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

पण ती साधनं महाग. गरिबाच्या पोराचं काय?

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या. हे गाव आज पालघर जिल्ह्यात येतं. सोबत अनुताई वाघ, स्वतः बालविधवा, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. बालमंदिर काढलं, तर गरीब वस्तीतली मुलं येईनात. मग ताराबाईंनी बालमंदिरच वस्तीत नेलं. तिथल्या अंगणात आधी आंघोळ, नखं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. मोजायला शिंपले, बिया, खडे. खर्च जवळजवळ शून्य!

अंगणात भरली, म्हणून अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. योजनेत पूरक आहार होता, लसीकरण होतं, तसं शाळापूर्व शिक्षणही होतं. पण सेविकेच्या मागे आहारवाटप, वजनं, सर्वेक्षण, रजिस्टरं. खेळ मागे पडला. म्हणजे ताईचं अगदीच चूक नाही.

गंमत बघा, गरीब वस्तीत वाढलेली ही पद्धत आज 'प्ले स्कूल'च्या पाटीखाली हजारोंची फी घेऊन विकली जाते. आणि तिथेही शेवटी वहीच! २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही लहान मुलांसाठी खेळातूनच शिक्षण म्हणतं.

काल मी भाचीला मूठभर चिंचोके दिले. सातापर्यंत मोजले, मग नऊ, मग एकदम वीस. पण रडली नाही.

तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत एकदा डोकावून या. मुलं काय खेळतात, तेही विचारा. भेटू पुढच्या भागात!